जुन्या जीपचा नवा ब्रेक

मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वेचा कसारा मार्ग जातो, पण वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशनं सोडली तर डोळखांब, किन्हवली, शेणवे या अंगाच्या गावांना रेल्वेचा उपयोग स्टेशन गाठल्यावरच. एसटी चुकली की जीप, हा इथला कित्येक वर्षांचा रिवाज. काळ्यापिवळ्या धंद्यातून बाहेर पडलेल्या जुन्या जीपा आता शेतीच्या कामाला लागल्या आहेत. खताच्या गोणी, भेंडीचे क्रेट, लग्नाचं सामान, म्हसा यात्रेला निघालेली माणसं, सगळं त्यांच्यावरच. इंजिनं दणकट असतात, चेसिसही टिकते. अडतं ते ब्रेकशी. ब्रेक लागतो, पण लावायला पायात जोर लागतो.

म्हणून अलीकडे भंगारात निघालेल्या एखाद्या नव्या गाडीचा व्हॅक्युम बूस्टर काढून जुन्या जीपला बसवून घेतात. मिस्त्री त्याला ‘पॉवर ब्रेक करणं’ म्हणतात. पहिले काही दिवस मालक खूश असतो. मग तक्रारी सुरू होतात. कोणाचं पॅडल मधेच कडक होतं, कोणाचा ब्रेक पकडून राहतो, कोणाची गाडी नुसता पाय टेकवला तरी चाकं घासत थांबते. मालक बूस्टरला शिव्या देतो, दुसरा बूस्टर आणतो, तक्रार तशीच राहते. शेवटी वैतागून सगळं काढून टाकतो. मला हे पाहून फार वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा बूस्टरमध्ये नसतोच. तो त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो, आणि पैसे न खर्चता, डोकं शांत ठेवून शोधला तर सापडतो.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सासर सरळगावजवळचं, माहेर ओतूरचं. म्हणजे माहेरी जायचं तर वाट माळशेज घाटाची. जीप सासऱ्यांची. मुरबाड–टोकावडे लाइनला त्यांनी ती वर्षानुवर्षं चालवली, आणि आता ती मी चालवते. कधी शाळेत, कधी भेंडी घेऊन कल्याणच्या मार्केटला, कधी घाट चढून माहेरी. गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, पॅडल फरशीतून वर आलेलं, मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली. इंजिन प्युजोचं, २११२ सीसीचं डिझेल. फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडून परवाना घेऊन महिंद्राने ते इथे बनवलं. उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा गाडी विकायची की ब्रेक हलका करायचा, असा प्रश्न उभा राहिला. घरात गाडी विकायला कोणी तयार नव्हतं, मीही नव्हते.

बूस्टर काय करतो हे समजायचं तर आधी साधा ब्रेक समजला पाहिजे. वर्गात मी हे दोन इंजेक्शनच्या सिरिंज घेऊन दाखवते. एक बारीक, एक जाड, मध्ये पाण्याने भरलेली नळी. बारीक सिरिंजचा दट्ट्या एका बोटाने दाबला की जाड सिरिंजचा दट्ट्या मुलाच्या तळहाताला रेटून वर येतो. दाब सगळीकडे सारखाच, पण क्षेत्रफळ मोठं म्हणून बळ मोठं. पास्कलचा नियम तो हाच. गाडीत पाण्याच्या जागी ब्रेक ऑइल असतं. पाय पॅडल दाबतो, पॅडल तरफेसारखं काम करून ते बळ पाच-सहा पट करतं, मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ऑइल पुढे ढकलतो, आणि चाकांमधले छोटे सिलिंडर लायनर ड्रमवर दाबतात. पायाने ३० किलोचा जोर लावला आणि पॅडलचा टप्पा सहास एक असला, तर मास्टर सिलिंडरवर १८० किलो पोचतात. भरलेली जीप उतारावर थांबवायला ३० किलो पुरत नाहीत, म्हणून माणूस सीटला पाठ टेकून पाय रोवतो.

बूस्टर हा पॅडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या मध्ये बसतो. पत्र्याचा गोल डबा, आत रबराचा पडदा, पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून काढलेली. पाय उचललेला असतो तेव्हा दोन्हीकडे निर्वात असल्यामुळे पडदा स्वस्थ असतो. पॅडल दाबलं की आतला छोटा व्हॉल्व्ह मागच्या कप्प्यात बाहेरची हवा सोडतो. पुढे निर्वात, मागे वातावरणाचा दाब. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो, आणि आपण तो विसरूनच जगत असतो. आठ इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस सेंटिमीटर. निर्वात पूर्ण नसतो, साधारण दोन तृतीयांश असतो असं धरलं तरी पडद्यावर सव्वादोनशे किलोच्या आसपास जोर येतो. तो आपल्या पायाच्या जोरात मिळवला जातो. ही युक्ती बेल्जियमचे इंजिनिअर आल्बेर देवांद्र यांनी १९२०च्या दशकात मोटारींसाठी वापरात आणली.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची. बूस्टर ब्रेक लावत नाही, तो पायाला मदत करतो. लायनर झिजलेले असतील, ड्रमला खाच पडली असेल, ऑइलमध्ये हवा असेल, व्हील सिलिंडर गळत असेल, तर बूस्टर लावल्याने त्यातलं काहीच सुधारत नाही. आमच्या मिस्त्रींनी बूस्टरला हात लावायच्या आधी चारही ड्रम खोलले, लायनर घासून नीट बसवले, व्हील सिलिंडरची रबरं बदलली, ऑइलची हवा काढली. हे काम ज्याच्या गाडीत आधी झालेलं नाही त्याने बूस्टरचा विचार करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता कप्प्यांतली हवा ओढणार कोण? पेट्रोल गाडीत हे काम फुकटात होतं. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. ती मिटलेली असताना इंजिन हवा ओढू पाहतं आणि मॅनिफोल्डमध्ये आपोआप निर्वात तयार होतो. अ‍ॅम्बॅसेडर किंवा पद्मिनीसारख्या पेट्रोल गाडीला बूस्टर बसवताना मॅनिफोल्डला एक नळी जोडली की झालं. आपल्या डिझेल जीपमध्ये अशी झडप नसते, म्हणून मॅनिफोल्डला नळी जोडून काही मिळत नाही. तिथे व्हॅक्युम पंप लागतो. बहुधा तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो, इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि इंजिन ऑइलवर त्याचं वंगण चालतं. म्हणून डिझेल गाडीत पॅडलच्या तक्रारीचा तपास बॉनेट उघडून करावा लागतो. पट्टा सैल पडला तर पंप घसरतो आणि अल्टरनेटरही घसरतो. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि त्याच वेळी पॅडल जड झालं, तर बूस्टर सोडा, आधी पट्टा ताणा.

आमच्या जीपला बूस्टर बसला आणि काही दिवस सगळं छान चाललं. मग एक विचित्र तक्रार सुरू झाली. सकाळी घरातून निघताना पॅडल हलकं असायचं. सरळगावहून मुरबाडला पोचेपर्यंतही ठीक. पण कल्याणच्या बाजूला म्हारळजवळची गर्दी लागली, चार-पाच वेळा लागोपाठ ब्रेक दाबावा लागला, की पॅडल एकदम पायाला परतवायचं. बाजूला थांबून थोडा वेळ गेला की पुन्हा हलकं. थंड गाडीत दोष दिसतच नव्हता.

मिस्त्रींचं गॅरेज मुरबाड रोडलाच आहे. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वहिनी, पॅडल कडक होतं की मऊ?” पुढचा सगळा तपास या एका प्रश्नावर उभा असतो. कडक पॅडल म्हणजे पाय टेकल्या जागी अडतो आणि मदत मिळत नाही, तेव्हा दोष हवेच्या बाजूचा. मऊ पॅडल म्हणजे पाय खाली जातो, पंप केल्यावर वर येतो, तेव्हा दोष ऑइलच्या बाजूचा. लायनरचं अंतर वाढलेलं असतं किंवा ऑइलमध्ये हवा अडकलेली असते. आणि पाय दाबून धरला असता पॅडल हळूहळू फरशीकडे सरकत गेलं तर मास्टर सिलिंडरची रबरं आतल्या आत ऑइल सोडतात. आमचं पॅडल कडक होत होतं, म्हणजे ऑइलकडे बघायची गरज नव्हती.

मग त्यांनी मला बसवून तीन गोष्टी करायला लावल्या. या घरच्या घरी कोणालाही करता येतात. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे डब्यात साठलेला निर्वात संपतो आणि पॅडल जड होतं. मग पाय दाबून धरायचा आणि इंजिन चालू करायचं. पायाखाली पॅडल किंचित खाली जायला हवं. ते गेलं, म्हणजे निर्वात तयार होतो आणि बूस्टर तो वापरतो. दुसरं, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचं, पाच-सात मिनिटं थांबायचं आणि मग पॅडल दाबायचं. पहिले दोन-तीन दाब हलके लागले पाहिजेत, कारण साठा डब्यात शिल्लक असतो. पहिलाच दाब जड लागला तर साठा गळतोय. बूस्टरच्या तोंडाशी असलेला एकमार्गी व्हॉल्व्ह, मिस्त्री त्याला एनआरव्ही म्हणतात, खराब असतो किंवा पडदा फाटलेला असतो. तिसरं, इंजिन चालू ठेवून पॅडल दाबून धरायचं, इंजिन बंद करायचं आणि अर्धा मिनिट पाय तसाच ठेवायचा. पॅडल वर उचललं जाऊ लागलं तर दाबाखाली गळती आहे. याशिवाय कान द्यायचा. पॅडल दाबताना क्षणभर ‘सुस्स’ असा आवाज येणं ठीक, पण पाय स्थिर असताना तो चालूच राहिला तर पडदा किंवा आतला व्हॉल्व्ह गेला असं समजायचं.

आमची गाडी तिन्ही परीक्षांत पास झाली. नेमक्या इथेच बहुतेक लोक “बूस्टर कमी पडतो, मोठा टाका” म्हणून पैसे घालवतात. मिस्त्रींनी घड्याळासारखा व्हॅक्युमचा गेज काढला. आधी तो पंपाच्या तोंडाशी जोडला. काटा २५ इंचांच्या आसपास, म्हणजे पंप उत्तम. पूर्ण निर्वात म्हणजे साधारण ३० इंच पारा. मग बूस्टरच्या तोंडाशी टी लावून जोडला. थंड गाडीत तिथेही काटा तोच. “आता गाडी तापवा,” म्हणाले. इंजिन तापल्यावर मी ब्रेक दाबत-सोडत गेले आणि ते काट्याकडे बघत राहिले. प्रत्येक दाबाला काटा खाली यायचा, ते बरोबरच. पण वर जायला त्याला फार वेळ लागत होता. पंपाशी भरपूर आणि बूस्टरशी तोटा. दोष मधल्या नळीत, एवढाच अर्थ उरला.

मिस्त्री बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले. पंपापासून फरशीखालच्या बूस्टरपर्यंत जाणारी नळी सायलेन्सरच्या पाइपाच्या अगदी शेजारून गेली होती, आणि ती व्हॅक्युमची नळीच नव्हती. पाण्यासाठी वापरतात तसली साधी रबरी नळी होती. तिला आतून दाब सोसतो, बाहेरून सोसत नाही. त्यांनी मला खाली वाकून बघायला सांगितलं आणि दुसऱ्या माणसाला इंजिन चालू करायला लावलं. सायलेन्सरजवळच्या वळणावर नळी दोन्ही बाजूंनी आत ओढली गेली आणि जवळजवळ चपटी झाली. शहाळ्यात मऊ कागदी नळी घातली आणि जोरात ओढलं की ती मिटते, अगदी तसं. थंड असताना रबर कडक असतं म्हणून ती उघडी राहायची, उष्णतेने मऊ पडली की मिटायची. जाड भिंतीची, आत दोऱ्याचं विणकाम असलेली व्हॅक्युमची नळी आणली, ती सायलेन्सरपासून लांब चेसिसच्या दुसऱ्या बाजूने नेली, क्लिपा नव्या घातल्या. गर्दीतलं कडक पॅडल गेलं ते गेलंच.

एनआरव्हीबद्दल इथेच सांगून टाकते, कारण त्याचा एक दोष मी दुसऱ्या एका जीपमध्ये पाहिला. त्या व्हॉल्व्हवर बाण असतो. हवा बूस्टरकडून पंपाकडे जायला हवी, उलटी नाही. तो उलटा बसला तर बूस्टरमध्ये निर्वात कधीच पोचत नाही आणि माणूस नवा बूस्टर घेऊनही जड पॅडलच दाबत बसतो. तपासायला काही लागत नाही. काढून तोंडाने फुंकायचं. एका बाजूने हवा जाते, दुसऱ्या बाजूने जात नाही.

दुसरी तक्रार पावसाळ्याआधी आली, आणि ती पहिलीपेक्षा धोक्याची होती. गाडी सुटायला जड वाटू लागली. किन्हवलीच्या रस्त्याला काही किलोमीटर गेलं की लायनरचा जळका वास यायचा आणि ड्रमवर पाणी टाकलं की ते चर्रकन उडून जायचं. गाडी तासभर उभी राहिली की पुन्हा मोकळी. हे ‘ब्रेक पकडणं’ बूस्टर बसवलेल्या गाड्यांत हमखास दिसतं आणि त्याचं कारण फार छोट्या जागेत लपलेलं असतं.

मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पाय उचलला की पिस्टन मागे येतो, ते भोक उघडं पडतं आणि चाकांकडचं ऑइल परत टाकीत मोकळं होतं. गाडी चालताना ड्रम तापतात, ऑइल तापून प्रसरण पावतं, तेही याच भोकातून सुटतं. बूस्टरच्या पुढच्या बाजूला एक दांडी असते, पुशरॉड, ती या पिस्टनला ढकलते. एका गाडीचा बूस्टर आणि दुसऱ्या गाडीचा मास्टर सिलिंडर जोडताना ही दांडी मिलिमीटरभर जरी लांब राहिली, तरी पाय उचलल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि भोक झाकलेलं राहतं. ऑइल अडकतं. तापलं की फुगतं, फुगलं की लायनर ड्रमला लावतं, लायनर घासले की आणखी तापतं. ब्रेक स्वतःच स्वतःला आवळत जातो. गाडी निवली की ऑइल आकसतं आणि मालकाला वाटतं, दोष गेला.

याची खात्री करायची पद्धत मला फार आवडली. ब्रेक पकडलेला असतानाच जॅक लावून पुढचं चाक उचललं. हाताने फिरेना. मिस्त्रींनी मास्टर सिलिंडर बूस्टरला आवळणारे दोन नट फक्त काही आटे सैल केले. ऑइलचा एक थेंब सांडला नाही, आणि चाक हाताने फिरू लागलं. मास्टर सिलिंडर किंचित पुढे सरकल्याबरोबर पिस्टनला मागे यायला जागा मिळाली, भोक उघडलं. दांडी लांब आहे, हे तिथल्या तिथे सिद्ध झालं. नट सैल करूनही चाक सुटलं नसतं तर पुढे बघावं लागलं असतं. त्या चाकाच्या व्हील सिलिंडरची नळी सैल करून ब्रेक सुटला तर रबरी होज आतून फुगून बंद झालेला असतो. तरीही सुटला नाही तर ड्रममधली स्प्रिंग तुटलेली किंवा सिलिंडर गंजलेला.

दांडी नेमकी किती कमी करायची, हे डोळ्यांनी दिसत नाही, कारण दोन भाग जुळले की ती आत झाकली जाते. मिस्त्रींकडे मोजायला मेणाचा गोळा असतो. तो संपला होता, म्हणून मी डब्यातल्या पोळ्यांसाठी मळलेली उरलेली कणीक घरून मागवली. दांडीच्या टोकावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर कणकेची छोटी गोळी. मास्टर सिलिंडर जागेवर बसवून नट आवळले, पुन्हा काढला. गोळी टोकाशी पार दाबली जाऊन कडेला आली होती, म्हणजे अंतर शून्य. दांडीच्या टोकाचा आट्याचा बोल्ट थोडा आत फिरवला, नवी गोळी, पुन्हा आवळणं, पुन्हा काढणं. टोकाशी साधारण मिलिमीटरभर जाडीचा थर शिल्लक राहिला तेव्हा थांबलो. जास्त अंतर ठेवलं तर पॅडल उगाच खाली जातं, म्हणून तेही नको. मग सगळं पुसून स्वच्छ केलं. ब्रेकच्या भागांना डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यांचा हात लावायचा नाही, त्याने रबरं फुगतात. पुसायला ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट.

मास्टर सिलिंडर हातात असतानाच त्याची मागची बाजूही बघून घ्यावी. तिथे ओल असेल, बूस्टरच्या आत ऑइल साचलेलं असेल, तर मागचं रबर गेलेलं आहे. टाकीतलं ऑइल कमी होत जातं, गाडीखाली डाग पडत नाही, आणि माणूस नुसता भरत राहतो.

जीपसारख्या गाडीत बूस्टर फरशीखाली बसवण्यात आणखी एक अडचण आहे. पॅडल दाबलं की बूस्टर बाहेरची हवा आत घेतो, ती पॅडलच्या दांडीजवळच्या फोमच्या जाळीतून. फरशीखाली ती जागा धुळीत आणि पाण्यात असते. आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्यावरून ओहोळ वाहतात आणि भातलावणीच्या दिवसांत चाकाबरोबर चिखल उडतो. ते पाणी आत ओढलं गेलं तर पत्रा आतून गंजतो, व्हॉल्व्ह चिकटतो. आम्ही रबरी बूट घालून हवेची वाट नळीने डॅशबोर्डच्या आत नेली. जमत असेल तर बूस्टर वर, बॉनेटखाली बसवून लटकतं पॅडल करणं जास्त चांगलं, पण त्याला खर्च मोठा.

कसारा घाटाचा इथे उल्लेख करायलाच हवा. शहापूर तालुक्यातलं कसारा आणि वरचं इगतपुरी यांच्यामधला रेल्वेमार्ग १८६५ साली सुरू झाला. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आजही अनेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात. या मार्गावरच्या गाड्यांनाही पूर्वी व्हॅक्युम ब्रेकच होते, पण त्यांची रीत बरोबर उलटी. डब्याडब्यातून गेलेल्या नळीत सुमारे ५१ सेंटिमीटर पाऱ्याइतका निर्वात धरून ठेवायचा, आणि तो आहे तोवर ब्रेक सुटलेले. नळी फुटली, डबा तुटून मागे राहिला, कोणी साखळी ओढली, की हवा आत शिरायची आणि सगळे ब्रेक आपोआप लागायचे. निर्वात गेला तर गाडी थांबते. आपल्या मोटारीत निर्वात गेला तर गाडी थांबत नाही, फक्त पायाची मदत जाते. हा फरक प्रत्येक जीपवाल्याला माहीत असला पाहिजे, कारण घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे लोक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

बूस्टर नसलेल्या जुन्या जीपमध्येही ते चुकीचंच होतं, कारण गिअरची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. बूस्टरवाल्या गाडीत तर इंजिन बंद म्हणजे पंप बंद. डब्यातला साठा दोन-तीन दाबांचा. चौथ्या वळणावर पॅडल कडक होतं आणि पाय आता हलक्या पॅडलला सरावलेला असतो. पॅडलची दांडी अजून मास्टर सिलिंडरला जोडलेलीच असते, ब्रेक लागू शकतो, पण त्यासाठी कितीतरी जास्त जोर लावायला हवा हे त्या क्षणी सुचत नाही. माणूस “ब्रेक फेल” असं ओरडतो. सासऱ्यांनी मला माळशेज शिकवला तेव्हाचा त्यांचा नियम, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर, आता जास्तच लागू आहे.

माळशेजबद्दल आणखी दोन गोष्टी. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब खालच्यापेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी, म्हणून बूस्टरची ताकदही तेवढी कमी. एरवी जाणवत नाही, पण गळकी नळी किंवा झिजलेला पंप असेल तर दोष आधी वरच दिसतो. दुसरी गोष्ट, बूस्टरमुळे पाय हलकाच टेकवून ठेवायची सवय लागते. जड पॅडल दाबून पाय दुखायचा, म्हणून माणूस आपोआप गिअर उतरवायचा. आता दुखत नाही, म्हणून ड्रम तापत राहतात आणि तापलेल्या ड्रमवर लायनरची पकड सुटते. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी भर. ते हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू २०५ अंशांच्या वर असतो, पाणी शोषलेल्याचा १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. उकळलं की नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते, मग पॅडल पार फरशीला. आमच्याकडच्या पावसात मी दोन वर्षांच्या पुढे ऑइल ठेवत नाही.

असा बदल करताना आरटीओला विचारून करावा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाहीत, आणि अपघात झाला तर विमावाले पहिलं बोट ठेवतील ते याच जागी. भंगारातला बूस्टर घ्यायचाच असेल तर तोंडाने ओढून पाहावा, आत ऑइलचा वास येतो का बघावं. नळी, एनआरव्ही आणि मास्टर सिलिंडर मात्र नवेच घ्यावेत. मास्टर सिलिंडर दोन भागांचा मिळाला तर उत्तम. एका बाजूची नळी फुटली तरी दुसऱ्या बाजूची दोन चाकं थांबतात.

एक प्रश्न आमच्या गाडीत अजून सुटलेला नाही. पॅडलचा टप्पा मूळचाच, सहास एक. बूस्टरच्या गाड्यांत तो चारास एकच्या आसपास असतो, म्हणून आमचा ब्रेक जास्त तिखट आहे. मागे ओझं नसेल आणि रस्ता ओला असेल तर मागची चाकं लवकर घासतात. मिस्त्री म्हणाले, “टप्पा कमी करून देतो, पिन वर घेतली की झालं.” मी नको म्हटलं. आज बूस्टर निकामी झाला तर माझ्या ३० किलोचे १८० होतात. टप्पा चारावर आणला तर १२० होतील, आणि भरल्या जीपला माळशेजच्या उतारावर ते फारच कमी पडतील. मास्टर सिलिंडर मोठ्या मापाचा बसवला तरी तोच तोटा. त्यापेक्षा मूळ टप्पा ठेवून कमी पटीने मदत करणारा, छोट्या गाडीचा बूस्टर शोधायचा असं आमचं ठरलंय. भेंडीचा हंगाम संपला की तो बसवून घेईन, आणि कणकेची गोळी पुन्हा एकदा करावी लागेल, कारण नव्या बूस्टरची दांडी नव्या मापाची असणार.